काजव्यांचा एक फोटो किती वेळाचा असतो?

रानवाट

खाली दोन प्रचि (प्रकाशचित्रं) देतोय. झाड एकच, सादड्याचं. रात्र एकच, ट्रायपॉड जागचा हललेला नाही. पहिलं प्रचि म्हणजे २० सेकंदांचं एकच एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा. फांद्यांवर थोडे हिरवट-पिवळे ठिपके, एक-दोन तुटक रेघा, बाकी काळोख. दुसरं प्रचि तशाच १२० फ्रेम एकावर एक चढवून केलेलं. म्हणजे चाळीस मिनिटं एका चित्रात कोंबली आहेत, आणि त्यात अख्खं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लखलखतंय.

भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी अशा ठिकाणांचे जे फोटो मे-जूनमध्ये फिरतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. खाली लिहिलेलं असतं फक्त जागेचं नाव. बघणाऱ्याला वाटतं, तिथे जाऊन उभं राहिलं की हेच दिसणार.

माझं म्हणणं असं की स्टॅकिंग, म्हणजे असं फ्रेमवर फ्रेम चढवणं, करावं, जरूर करावं. मी करतो आणि पुढेही करणार. पण किती फ्रेम, एकूण किती वेळ, हे फोटोखाली लिहायलाच हवं. तो आपल्या छंदातल्या शिस्तीपुरता मामला राहिलेला नाही. त्या चित्राच्या भरवशावर माणसं गाड्या काढून घाट चढतात आणि तिथे आल्यावर 'एवढेच?' म्हणत झाडावर बॅटरी मारतात. जे बघायला आले तेच त्या उजेडानं बंद पडतं.

नवीन मंडळींसाठी पद्धत थोडक्यात. उजेड असतानाच झाडावर मॅन्युअल फोकस लावून रिंगला चिकटपट्टी मारायची, कारण अंधारात ऑटोफोकस काही धरत नाही. रुंद लेन्स, एफ (लेन्सचं छिद्र) १.८ ते २.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, १५ ते ३० सेकंद. संधिप्रकाशात झाडाची एक फ्रेम पार्श्वभूमीसाठी काढून ठेवायची. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद ठेवायचं, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ पडदा मिटून बसतो आणि त्या वेळातले काजवे हुकतात. ऑटोफोकसचा मदतीचा दिवा बंद, मागच्या स्क्रीनवर काळं कापड, कॅमेऱ्यावरच्या लुकलुकणाऱ्या लाल एलईडीवर काळी टेप. हवेत दमटपणा प्रचंड असतो, तेव्हा लेन्स तिथे बदलू नका.

घरी आल्यावर सगळ्या फ्रेम 'लायटन' मोडमध्ये एकत्र करायच्या. म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फ्रेममधली सर्वांत उजळ किंमत निवडली जाते. काजवा चमकून गेलेला प्रत्येक बिंदू राहतो आणि काळोख काळोखच राहतो. तारकांच्या रेषांचे फोटो करतात तीच युक्ती.

तुम्ही फोटोखाली काय लिहिता? आणि लिहीत नसाल तर का?

पिवळा फिल्टर

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन्ही प्रचि शेजारी ठेवलीत हे फार बरं केलं. मला पहिलं जास्त आवडलं. त्यात झाड किती दूर होतं, अंधार किती दाट होता, ते कळतं.

माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे. नाइट मोडमध्ये समोर काजवे ढीगभर असूनही फोटोत जवळजवळ काहीच येत नाही. झाड मात्र स्वच्छ उजळ दिसतं. असं का होतं?

गणिती

@पिवळा फिल्टर, तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. तो त्याला शिकवलेलं काम चोख करतोय.

नाइट मोड एकच लांब एक्स्पोजर घेत नाही. हात हलतो म्हणून तो छोट्या छोट्या बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. सेन्सरचा कणकणीतपणा (नॉइज) प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, त्यामुळे सरासरीत तो विरून जातो. झाड सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी असतं, म्हणून ते टिकतं. आता काजव्याचा विचार करा. तो एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या सात-आठ फ्रेममध्ये नाही. फोनच्या हिशेबात तो नॉइजच ठरतो, किंवा मधून चालत गेलेल्या माणसासारखी हलती वस्तू ठरतो. दोन्ही गोष्टी पुसण्यासाठीच ते गणित बसवलेलं आहे. रानवाट यांच्या 'लायटन'च्या अगदी उलट: तिथे एकदाच चमकलेला बिंदू जिंकतो, इथे तो हरतो.

उपाय आहे. प्रो मोडमध्ये जाऊन शटर हातानं १० ते ३० सेकंद लावा, आयएसओ ८०० च्या आसपास, फोकस अनंतावर, फोन ट्रायपॉडवर, आणि तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) मिळत असेल तर तीच घ्या. सेन्सर लहान असल्यामुळे कण दिसतील. दिसू देत.

अवांतर: २०१९ मध्ये पिक्सेल ४ फोनला आकाशाच्या फोटोंसाठी जो मोड आला, तो १६ सेकंदांच्या १५ पर्यंत फ्रेम घेतो, म्हणजे चार मिनिटं. खिशातल्या फोननं आकाशगंगा टिपता येणं ही माझ्या मते या काळातली मोठी गोष्ट आहे. ताऱ्यांना तो न्याय देतो, कारण तारे तेवढ्या वेळात जवळजवळ जागचे हलत नाहीत आणि जे हलतात त्यांची सरक हिशेबानं भरून काढता येते. काजव्याची पुढची जागा कुणालाच सांगता येत नाही.

कुर्ला लोकल

मला हा आग्रह पटत नाही. प्रामाणिकपणे सांगतो. चित्रकार चित्राखाली 'मूळ देखाव्यात एवढा तांबूस रंग नव्हता' असं लिहितो का? फोटो ही पण निर्मितीच आहे. लेन्स निवडली तिथेच वास्तव बदललं. कृष्णधवल केलं तर जगात नसलेलं काहीतरी दाखवलं. मग स्टॅकलाच वेगळा कायदा का? मी चाळीस मिनिटं डास चावून घेत उभा राहिलो, त्या चाळीस मिनिटांचा अनुभव मला एका चौकटीत मांडायचाय. प्रत्येक फोटोखाली पाककृती लिहायला लागलो तर बघणारा चित्र बघणारच नाही, आकडेच वाचत बसेल.

अंधारखोली

कुर्ला लोकल, तुमचा मुद्दा हलका नाही. फिल्मच्या जमान्यातला माणूस म्हणून थोडं जुनं सांगतो.

फोटोत वेळ मुरवण्याची गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दागेरनं १८३८ च्या सुमारास पॅरिसमधला बुलेव्हार्द द्यू तांप्ल हा रस्ता खिडकीतून टिपला. वर्दळीचा रस्ता, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, तेवढ्यात चालती माणसं, घोडे, गाड्या सगळे पुसले गेले. उरला फक्त एक माणूस, जो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. तिथे लांब वेळेनं गर्दी नाहीशी केली. तुमच्या स्टॅकमध्ये लांब वेळेनं गर्दी उभी राहते. गणिती यांनी फोनबद्दल जे सांगितलं ते वाचताना मला हाच फोटो आठवला.

आणि दोन निगेटिव्ह जोडण्याचं म्हणाल तर गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५० च्या दशकात समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच मिळून एक प्रिंट काढायचा. तेव्हाचं कलोडियन (काचेवरचा उजेड टिपणारा लेप) निळ्या उजेडाला इतकं संवेदनशील होतं की समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. त्याची ती गरज होती आणि त्यातून अप्रतिम चित्रं झाली.

आता आपल्या घरचं उदाहरण. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले. पहिला कथापट करण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत त्याच्या वाढीची एक लहानशी फिल्म तयार केली. पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत बी फुटून वेल वर चढते. ती दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. पैसा देणाऱ्याला वाटाणा दोन मिनिटांत वाढतो असं त्यांनी सांगितलं नाही. दिवसांचं दर्शन मिनिटांत कसं घडवता येतं, हेच तर त्यांना दाखवायचं होतं. तंत्र उघडं करण्यात त्या फिल्मचं सगळं बळ होतं. म्हणून मला वाटतं, 'चाळीस मिनिटं' हे दोन शब्द फोटोखाली आले तर चित्राची उंची वाढते. बघणारा थांबतो आणि म्हणतो, अच्छा, हा माणूस चाळीस मिनिटं अंधारात उभा होता. तुम्हाला जो अनुभव पोचवायचाय तो त्या आकड्यानंच पोचेल.

कुर्ला लोकल

अंधारखोली काका, फाळक्यांचं उदाहरण लागू पडतं, मान्य. माझा विरोध सक्तीला आहे, सांगण्याला नाही. प्रदर्शनात नाव आणि वेळ लिहीन. पण स्पर्धांमध्ये एका फ्रेमचे आणि स्टॅकचे वेगळे विभाग असावेत, हे आयोजकांनी करायचं काम आहे.

पाणकोंबडी

+१ वेगळ्या विभागांना.

अजून एक सुचवते: व्हिडिओ. एफ १.४ ची लेन्स आणि आयएसओ १२८०० च्या पुढे झेपणारा आजचा फुल फ्रेम सेन्सर असेल तर काजवे सरळ व्हिडिओत येतात. कण येतात, रंग थोडे मळतात, पण लय दिसते. एका झाडावरचे काजवे लुकलुकत असताना मध्येच सूर जुळतो आणि अख्खी फांदी एकदम उजळून एकदम विझते, मग ती लहर शेजारच्या झाडावर जाते. स्थिर फोटो कितीही सुंदर असला तरी ही लय त्यात येऊच शकत नाही. स्टॅकमध्ये तर सगळेच कायमचे पेटलेले असतात, विझणं हरवतं. आणि काजव्यांचं सगळं बोलणं त्या विझण्या-पेटण्याच्या अंतरातच आहे. नर त्याच्या जातीच्या ठेक्यात चमकतो, मादी त्या ठेक्याला ओळखून उत्तर देते.

रंगाबद्दलही लिहायचं होतं. बऱ्याच फोटोंत काजवे सोनेरी-नारिंगी असतात. आपल्याकडचे मी पाहिलेले सगळे हिरवटाकडे झुकणारे पिवळे होते. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास ठेवा आणि नंतर 'वॉर्म' करण्याचा मोह टाळा. दिवाळीच्या माळेचा रंग त्या झाडाला देऊ नका.

प्रवराकाठ

मी अकोले तालुक्यातला, धरणाच्या बाजूच्या गावातला. आमच्या घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय आहे. तुमची चर्चा सगळी वाचली. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही, पण फोटो लागला की गावात काय होतं ते सांगू शकतो.

रोहिणी लागली, वळवाच्या दोन सरी पडल्या की आमच्याकडे काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर जास्त. मृगाचा पाऊस नीट लागला की पंधरा दिवसांत कमी होत जातात. आमची जुनी माणसं काजवे वाढले की पाऊस जवळ आला असं धरतात, तोवर भाताचे राब भाजून तयार असतात. लहानपणी काजवे बघायला कुणी मुद्दाम जात नव्हतं. अंगणात जेवायला बसलं की समोर दिसायचे.

आता तीन-चार शनिवार-रविवार रस्ता भरून वाहतो. शेंडी गावापासून गाड्यांची रांग लागते. त्यातून चार पैसे येतात आणि ते हवेत, खोटं बोलणार नाही. भात एकदा निघालं की वर्षाचं बाकी उत्पन्न आमच्याकडे फार नाही. आजूबाजूच्या गावांतली पोरं वाट दाखवतात, बाया चुलीवर भाकरी करतात, तेवढाच हंगाम. पण गाडीचा मोठा दिवा झाडावर पडला की ते झाड तेवढ्यापुरतं विझतं, हे आम्ही रोज बघतो. एका गाडीनंतर परत लागतं. रांग असली की लागतच नाही. लोक फोनची बॅटरी लावून झाडाखाली जातात, फांद्या हलवतात, मुलांना बाटलीत काजवे धरून देतात. पालापाचोळ्यात काजव्यांच्या अळ्या असतात, त्या गोगलगायी खाऊन वाढतात. पुढच्या वर्षीचे काजवे तेच. त्यांच्यावरूनच माणसं चालत असतात.

आणि येणाऱ्यांतले निम्मे पहिल्या दहा मिनिटांत विचारतात, 'दादा, फोटोतलं झाड कुठाय?' फोनमधला फोटो काढून दाखवतात. मी सांगतो, हेच झाड आहे, बसा अर्धा तास, डोळे अंधाराला सरावू द्या, बोलू नका. जे बसतात ते जाताना हात धरून सांगून जातात. जे बसत नाहीत ते दुसरं झाड शोधायला गाडी काढतात, आणि त्यांच्या दिव्यानं बसलेल्यांचंही जातं.

म्हणून रानवाट दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. फोटोखाली दोन ओळी लिहा. आमचं काम हलकं होईल.

रानवाट

प्रवराकाठ, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याला अर्थ आला. मनापासून आभार.

डोळ्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं आहे. अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पांढऱ्या स्क्रीनकडे एक नजर टाकली की सगळं परत पहिल्यापासून. लाल उजेडाला या पेशी फारशा दाद देत नाहीत, म्हणून वाट बघायला मंद लाल दिवाच हवा. फोटो काढणाऱ्यांनी तरी हे कसोशीनं पाळावं. माझा अनुभव असा की झाडापाशी सर्वांत जास्त वेळा उजेड आमच्यासारख्यांच्याच स्क्रीनचा होतो, पर्यटकांचा नंतर.

कुर्ला लोकल, तुमचं कलेचं म्हणणं मला एका अटीवर मान्य आहे: फोटोखाली जागेचं नाव लिहिलंत तर पद्धतही लिहा. नाव लिहिल्याबरोबर तो फोटो जाहिरात होतो. नाव नसेल, नुसतं 'ज्येष्ठातली रात्र' असेल, तर तुमची निर्मिती तुमच्यापाशी.

कुर्ला लोकल

ही अट न्याय्य आहे. मी मानतो.

ओसाकावासी

इकडे जपानात जूनमध्ये गेंजी-बोतारु जातीचे काजवे दिसतात. त्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात, नितळ ओढ्यांतल्या गोगलगायींवर जगतात, त्यामुळे पाणी बिघडलं की काजवे जातात. बऱ्याच गावांनी ओढे स्वच्छ करून ते परत आणले. माणसं येतात, ओढ्याकाठी ओळीनं उभी राहतात, कुणी बॅटरी लावत नाही.

तुम्हा मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट: याच जातीचे नर पश्चिम जपानात साधारण दर दोन सेकंदांनी चमकतात आणि पूर्वेकडे दर चार सेकंदांनी. एकच जात, दोन बोली. पर्यटकांसाठी म्हणून एका भागातले काजवे दुसऱ्या भागात नेऊन सोडण्याचे प्रकार झाले आणि त्यामुळे स्थानिक वंश मिसळत असल्याची काळजी इथले अभ्यासक व्यक्त करतात. आपल्याकडे कुणी रिसॉर्टच्या बागेत काजवे आणून सोडायची कल्पना काढली तर वेळीच विरोध करा.

पाणकोंबडी यांच्या व्हिडिओच्या मुद्द्याला दुजोरा. दोन सेकंद की चार, हे स्टॅकमधून कधीच कळलं नसतं. अभ्यासकांना साधा व्हिडिओ जास्त उपयोगी.

नॉक्सव्हिलकर

इकडे अमेरिकेत, टेनेसीत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँटला एकसाथ चमकणारे काजवे आहेत. पाच-आठ वेळा लुकलुकतात आणि सगळं जंगल काही सेकंद मिट्ट काळं, मग पुन्हा. गर्दी आवरेनाशी झाली तेव्हा उद्यानानं गाड्यांच्या परवान्यांसाठी लॉटरी सुरू केली. आमचा नंबर पहिल्या वेळी लागला नाही, नंतर लागला. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावायचा, तोंड जमिनीकडे, तेही चालतानाच. मला हे पटतं. आपल्याकडे कास पठारावर ऑनलाइन नोंदणी सुरू झालीच, फुलांसाठी झालं ते काजव्यांसाठीही व्हावं. फक्त नोंदणीचे पैसे गावात राहिले पाहिजेत.

चौकट

सगळे स्टॅकवर बोलतायत, पण यंदा माझ्याकडे फॉरवर्ड होऊन आलेले बरेचसे 'भंडारदऱ्याचे काजवे' फोटोच नव्हते. एआयला मजकूर देऊन बनवलेली चित्रं होती. ओळखायला अजून तरी सोपी आहेत: प्रत्येक ठिपका सारख्या आकाराचा, गोल, भोवती सोनेरी वलय, जमिनीपासून आकाशापर्यंत सारख्या अंतरावर पसरलेले, आणि झाडं पाइनची. सह्याद्रीत! खऱ्या स्टॅकमध्ये ठिपक्यांचे घोळके असतात, काही फांद्या रिकाम्या असतात, उडत्या काजव्याची तुटक वाकडी रेघ असते. वर्षभरात या खुणा पुसल्या जातील असं धरून चला.

जगात काय चाललंय बघा. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानं सोनीच्या जागतिक स्पर्धेत मिळालेला पुरस्कार नाकारला आणि चित्र एआयनं केल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे यानं खऱ्या रोहित पक्ष्याचा खरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला, परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं, मग सत्य कळल्यावर बाद केला. डोकं आत वळवून पोट खाजवणारा तो पक्षी असा दिसतो की मान नाहीच. निसर्ग कल्पनेपुढे जातो हे त्यानं दाखवून दिलं.

फोनचं म्हणाल तर मार्च २०२३ मध्ये एका रेडिट वापरकर्त्यानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोननं टिपलं. फोटोत विवरं आली, जी समोरच्या चित्रात नव्हतीच. कंपनीनं नंतर सांगितलं की चंद्र ओळखून तपशील सुधारणारं एआय त्यात काम करतं. उद्या फोनला काजव्यांचं झाड ओळखता आलं आणि त्यानं हौसेनं आणखी दोनशे ठिपके घातले तर?

म्हणून कॅमेऱ्यातच फोटोवर डिजिटल सही करण्याची व्यवस्था आली. कुठल्या कॅमेऱ्यानं कधी टिपलं आणि पुढे काय बदल झाले, ही नोंद फाइलबरोबर जाते. लायका कंपनीनं २०२३ मध्ये एम ११-पी या कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा बसवली. पण तीही अभेद्य नाही. २०२५ मध्ये निकॉनच्या झेड ६ थ्री कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरचा मोड वापरून, मुळात सही नसलेल्या चित्रालाही सही मिळवता येते, असं एका वापरकर्त्यानं दाखवलं. निकॉनला सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. कुठे फट सापडली बघा: एकावर एक चित्र चढवण्याच्या सोयीतच.

अंधारखोली

चौकट, फार चांगली माहिती. माझा या सह्यांवर पूर्ण भरवसा नाही आणि त्या नकोत असंही नाही. फिल्मच्या काळात निगेटिव्ह दाखवायला सांगायचे. आज रॉ फाइल हे निगेटिव्ह आहे. स्टॅक करणाऱ्यानं निदान दोन-तीन मूळ फ्रेम जपून ठेवाव्यात आणि कुणी विचारलं तर दाखवाव्यात. हार्ड डिस्कवर जागा लागते, लागू दे.

पिवळा फिल्टर

@गणिती, तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रो मोडमध्ये १५ सेकंद लावून काढला. प्रचि देतेय. सात ठिपके आणि एक रेघ आली. एकच फ्रेम, फोन, ट्रायपॉड, काहीही जोडलेलं नाही. कण खूप आहेत, पण ती रेघ आमच्यासमोरून गेलेल्याच काजव्याची आहे आणि आईनं ती ओळखली.

गणिती

झकास! रेघेतली तुटक अंतरं सारखी आहेत बघा. १५ सेकंदांत किती वेळा चमकला ते मोजलंत तर त्याचा ठेकाही कळेल.

प्रवराकाठ

मंडळी, एक मागणं आहे. पिवळा फिल्टर ताईंचा हा फोटो आणि रानवाट दादांचं पहिलं प्रचि, असे एका फ्रेमचे दोन-तीन फोटो आम्हाला मिळतील का? गावात आलेल्या गाड्या आमच्या घरासमोर थांबतात. तिथे लावतो. शेजारी स्टॅकचाही एक, दोन्हींखाली किती वेळाचा ते मोठ्या अक्षरात. माणसांना गाडीतून उतरतानाच कळेल की डोळ्यांना काय दिसणार आणि कॅमेऱ्याला काय दिसतं. मी तोंडानं सांगतो त्यावर विश्वास बसत नाही, छापलेलं असलं की बसतो. फ्लेक्सचा खर्च आम्ही करू.

रानवाट

माझे दोन्ही घ्या, मोठ्या आकारात पाठवतो. पैशांचा प्रश्न नाही.

पिवळा फिल्टर

माझाही. फोनचा आहे, मोठा छापला तर चालेल ना?

अंधारखोली

चालेल, दोन फूट रुंदीपर्यंत नक्की. माणसं ते हातभर अंतरावरून बघणार नाहीत.

पण फ्लेक्सवर छापू नका. असे फोटो म्हणजे नव्वद टक्के काळा रंग. फ्लेक्सवर तो काळा राखाडी पडतो आणि चकाकीत समोरच्याचं तोंड दिसतं. मॅट विनाइलवर काढून सनबोर्डवर चिकटवा. दुसरं, स्क्रीनवर दिसतं त्याहून छपाई गडद येते, तेव्हा छापण्याच्या फाइलमध्ये सावल्या थोड्या उचलाव्या लागतील. तिसरं, काजव्याचा तो हिरवट पिवळा छापखान्याच्या चार शाईंत तसाच्या तसा बसत नाही, मळकट होतो. आधी चाचणीची पट्टी काढून बघायला हवी. माझ्या ओळखीचा छापणारा आहे, मी स्वतः उभा राहून काढून घेईन. प्रवराकाठ, बोर्ड उन्हापावसात लागणार की आडोशाला?

प्रवराकाठ

ओसरीच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून. पाऊस तिथपर्यंत येत नाही. रात्री मात्र आम्ही ओसरीतला दिवा लावत नाही, त्यामुळे फोटो बघायचे तर माणसांनी अंधार पडायच्या आत यायला हवं. वेळही बोर्डावर लिहू: साडेसहापर्यंत या, चहा घ्या, मग झाडाकडे चालत जाऊ. गाड्या आमच्या शेतात लावता येतील.

अंधारखोली

मग आतल्या भिंतीसाठीचं विनाइल पुरेल. फाइली मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, स्टॅकची आणि एका फ्रेमची वेगवेगळी, नावात वेळ लिहून.